बत्तीस वजा एक

"उत्तर सांगायचं नाही. तोंड उघडंच ठेवा."

आमच्या डॉक्टरांचं हे ठरलेलं वाक्य. एका हातानं दिवा खाली ओढायच्या, दुसऱ्या हातानं गालाच्या आत कापसाचा बोळा सरकवायच्या, आणि आता पेशंटला बोलायची काही सोय उरली नाही याची खात्री झाली की कोडं घालायच्या. "पंधरा. एकामागोमाग येणाऱ्या आकड्यांची बेरीज करून पंधरा आणायचे. सात आणि आठ, हे झालं एक. अजून दोन प्रकारांनी येतात. शोधा." पेशंट छताकडे बघत विचारात पडायचा. तेवढ्यात त्या भुलीची सुई उचलायच्या.

तुमच्यापैकी कुणी कसबा पेठेत दात दाखवायला आला असाल, तर त्यांना नक्की पाहिलं असेल. ठेंगण्याशा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडीवर कोट आणि पायात कापडी बूट. दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि खाली तांब्याची भांडी घडवणाऱ्याचं दुकान. दिवसभर खालून ठकठक चाललेली. नवा माणूस बाकावर बसल्या बसल्या दचकून विचारायचा, हा आवाज कसला? डॉक्टर आतूनच सांगायच्या, "खाली घंगाळ ठोकतायत. तुमचं नंतर."

मी त्यांच्याकडे मदतनीस म्हणून लागले तेव्हा लग्न होऊन नुकतीच पुण्यात आले होते. माहेर वर्ध्याकडचं. नवरा हडपसरच्या कारखान्यात, आणि पेठेतच आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. पुण्यातली माणसं एवढं तोडून का बोलतात ते मला तेव्हा कळत नसे. पहिल्याच दिवशी मी आत जाऊन सांगितलं, "मॅडम, पेशंट येऊन राहिले." त्यांनी हातातलं काम न थांबवता म्हटलं, "येऊन राहिले तर त्यांना जेवायला घालावं लागेल. नुसते येऊ देत." मग वर न बघताच पुढे म्हणाल्या, "आणि मॅडम नका म्हणू. डॉक्टर म्हणा. तेवढ्यासाठी शिकले."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन रडले होते. नवरा म्हणाला, सोडून दे. मी म्हटलं, उद्या एक दिवस बघते. ते बघणं अजून चालूच आहे.

कोड्यांचा त्रास मला वेगळाच व्हायचा. माणूस अर्धा गाल बधिर घेऊन घरी जायचा आणि जाताना तो आकडा डोक्यात घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा फोन वाजू लागायचा. कुणी म्हणायचं, चार, पाच, सहा. कुणी म्हणायचं, एकपासून पाचपर्यंत सगळे. डॉक्टरांचे हात कामात असायचे, तेव्हा फोन माझ्याकडे. त्यांनी बजावून ठेवलं होतं की बरोबर असेल तर बरोबर म्हणायचं, चूक असेल तर "अजून बघा" म्हणायचं, उत्तर सांगायचं नाही. माझं आणि गणिताचं शाळेपासून वाकडं. बेरीज करायला मी बोटं घ्यायची आणि फोनवरच्या माणसाला सांगायची, जरा थांबा, डॉक्टरांना विचारते. डॉक्टरांना मी एकदाही विचारलं नाही. बोटं मोजून होईपर्यंत वेळ काढायची ती युक्ती होती.

हळूहळू बोटं सुटली. कशी ते मला सांगता येणार नाही. रोज पोळ्या लाटल्या की एक दिवस त्या गोल येऊ लागतात, तसंच काहीसं झालं.

प्रत्येकाचा आकडा डॉक्टर माणूस बघून ठरवायच्या. लहान मुलांना वीस, कारण दुधाचे दात वीस. दोनपासून सहापर्यंत बेरीज केली की वीस येतात, आणि ते जमलं की पोराला आपले दात मोजायचा नादच लागायचा. एकदा कॉलेजमधली एक मुलगी चारही अक्कलदाढा काढायच्या म्हणून हमसून हमसून रडत होती. तिला त्यांनी सांगितलं, "बत्तीसातून चार गेले, राहिले अठ्ठावीस. एकपासून सातपर्यंत बेरीज करून बघ. किती नेमके येतात. निसर्गाला तिथेच थांबायचं होतं, पण सवयीनं चार जास्त बसवले." मुलगी रडता रडता हसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "शी इज सो वीअर्ड, पण मस्त आहेत."

हिंजवडीतल्या एका मुलानं तर कमाल केली. त्याला साठ हा आकडा दिला होता. घरी पोचायच्या आतच सगळी उत्तरं मेसेजवर आली, एकाखाली एक, सुबक मांडलेली. प्रोग्रॅम लिहिला म्हणाला. पुढच्या खेपेला तो खुर्चीत बसला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "दाढ तुमची आणि उत्तर कॉम्प्युटरचं. आता भूल कुणाला देऊ?"

तर असं सगळं. एका दुपारी पेशंट नव्हते, म्हणून मी ट्रेमध्ये कापसाचे बोळे मांडत बसले होते. पंधरा बोळे घेतले आणि एकाखाली दोन, दोनाखाली तीन अशा पायऱ्या केल्या. छान जिना झाला. मग नऊ घेतले. दोन, तीन, चार, तोही जिना झाला. आठ घेतले. आठाचा काही केल्या जिना होईना. एक तरी बोळा उरायचा नाहीतर कमी पडायचा. सोळा घेतले तर तेच. मग आठवलं की फोनवर कधी कुणी आठाचं उत्तर सांगितलं नव्हतं, सोळाचंही नाही. डॉक्टरांनी ते आकडे कधी कुणाला दिलेच नव्हते.

त्या मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. म्हणाल्या, "कापूस रक्त टिपायला असतो."

मी ट्रे आवरायला लागले आणि आवरता आवरताच सांगून टाकलं, की डॉक्टर, काही आकड्यांचं जमतच नाही. दोन, चार, आठ, सोळा. प्रत्येक जण आधीच्याच्या दुप्पट आहे. मग बत्तीसाचंही जमणार नाही, हो ना?

डॉक्टर समोरच्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या ट्रेकडे बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी तिरकस येणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. बरं झालं." मग उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. इतक्या वर्षांत दवाखान्यातला चहा त्यांनी केला, तो त्या दिवशीच. साखर फार झाली होती. मी तो सगळा प्यायले.

माझी आणि त्यांची ओळख खरी तिथून झाली, असं मी धरते. पुढे कधी काम नसलं की त्या मला दोन-चार गोष्टी सांगायच्या. त्या आकड्यांचं का जमत नाही तेही त्यांनी बोळे मांडूनच समजावून सांगितलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. एकदा आपणहून म्हणाल्या, "वेळ नाही मिळाला, असं म्हणतात ना, तसं काही नव्हतं. वेळ भरपूर होता." एवढं बोलून त्यांनी हत्यारं उकळायला टाकली.

आता त्या लोणी काळभोरच्या आजोबांचं सांगते.

त्यांच्या सुनेनं त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं होतं. सत्तरीपुढचे, उंच, पटका बांधलेले, आणि एक गाल टम्म सुजलेला. डोळा अर्धा मिटला होता. खालची दाढ आतून सडून पू झाला होता, त्यात मधुमेह. डॉक्टरांनी बघितलं आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की औषधानं सूज उतरवू, पण दाढ काढावी लागेल. राहिली तर पुन्हा पू होईल, मानेत उतरला तर जिवावर बेतेल.

आजोबा ऐकायला तयार नव्हते. त्यांना भीती होतीच, पण त्याहून मोठा होता अभिमान. या वयात त्यांचे सगळे दात शाबूत होते. गावातली त्यांच्या वयाची माणसं कवळ्या लावून फिरायची आणि हे दातांनी ऊस सोलायचे. "बत्तीसच्या बत्तीस हायेत," ते म्हणाले. "एक बी देनार न्हाय." खुर्चीतून उतरले आणि तडक जिना उतरून गेले. सून मागून धावली. मंडईपर्यंत जाऊन तिनं त्यांना कसंबसं परत आणलं, तोवर त्यांचा चेहरा दुखण्यानं काळवंडला होता.

मला वाटलं, डॉक्टर आता चांगलं फटकारतील. त्यांनी आजोबांना पाणी दिलं, शेजारी बाकावर बसल्या आणि शांतपणे सांगितलं की ठीक आहे, नाही काढत. पण एक पैज. बत्तीस हा आकडा एकामागोमाग येणाऱ्या आकड्यांची बेरीज करून आणायचा. तो आणलात की दाढेला हात लावणार नाही, जे होईल ते होईल. नाही आला तर मी सांगेन ते. तोवर या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पंधरा कसे येतात ते त्यांनी त्यांना बोटांवर दाखवलं. आजोबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "ह्ये तर सोपं हाय."

ते गेल्यावर मी ट्रे जरा जोरातच ठेवला. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, जे होतच नाही त्याची पैज लावली तुम्ही. फसवणूक नाही का ती?

डॉक्टर हात धूत होत्या. म्हणाल्या, "मी सांगितलं असतं की जमणार नाही, तर त्यांनी मानलं असतं का? तुम्ही तरी मानलं असतंत? कापूस घेऊन बसला होतात." मग टॉवेलला हात पुसत हळूच म्हणाल्या, "ते परत आले नाहीत तर मात्र माझं चुकलं."

तेवढे दिवस त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फोन वाजला की आतून विचारायच्या, लोणीचा आहे का? एकदा त्यांनी मला सुनेला फोन लावायला सांगितला. सून म्हणाली, गोळ्या वेळेवर घेतायत, सूज उतरतेय, पण मामंजी कुणाशी बोलत नाहीत. ओसरीवर उसाच्या कांड्या मांडून बसतात. नातवंडं मदत करायला गेली तर हाकलून देतात.

आणि मग ते आले. गालाची सूज बरीच ओसरली होती. कुणी न सांगता खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाय, न्हाय जमत. कसं बी मांडा, न्हाय जमत."

डॉक्टर म्हणाल्या, "बरोबर आहे. बत्तीसाचं नाहीच जमत. मला ठाऊक होतं."

खालची ठकठक तेवढी ऐकू येत होती. आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. रागावले होते की काय, मला चेहऱ्यावरून कळेना. डॉक्टरांनीही नजर काढली नाही. मग त्याच म्हणाल्या, "एक कमी करून बघा. एकतीस."

आजोबांना फार वेळ लागला नाही. इतके दिवस त्या कांड्यांशी झटापट केलेला माणूस तो. "पंधरा आन् सोळा," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "पंधरा आन् सोळा. जमतंय की." आणि मिशीतल्या मिशीत हसले, मान मागे टेकवली आणि तोंड उघडलं.

पुढचं मी नीट सांगायला हवं. दाढ चिवट होती, मुळं वाकडी. डॉक्टरांनी पक्कड धरली आणि मी दिवा धरून उभी होते, तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरताना मला दिसला. अगदी बारीक. मला आधी वाटलं, माझाच दिवा हलतोय. त्यांनी हात मागे घेतला, एक श्वास घेतला, कोपर खुर्चीच्या कडेला टेकवलं, डावा हात मनगटाखाली दिला आणि दाढ काढली. व्यवस्थित निघाली. रक्तही लवकर थांबलं. आजोबा तोंडात कापूस धरून उठले, सुनेनं त्यांना जोडे दिले. जिन्यापाशी जाऊन ते परत फिरले. कापसातूनच, बोबडं, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "बाय, हाताला जप."

दुपारी पेशंट संपल्यावर डॉक्टर खिडकीपाशी उभ्या होत्या. उजवा हात समोर धरून बघत होत्या, एखाद्या दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशा. मला म्हणाल्या, "तुम्हाला दिसलं. त्याचं काही नाही, तुम्ही घरच्या. पण त्यांना कळलं. पेशंटला कळलं म्हणजे झालं."

मी म्हटलं, वयानं होतं, औषध असेल, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. त्यांनी दाखवलं होतं, मला न सांगता. आजाराचं नावही त्यांना माहीत होतं. तो हळूहळू वाढणारा होता, एकदम काही होणार नव्हतं. पण दुसऱ्याच्या तोंडात हत्यार घालायचं काम त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. कुणी आग्रह केला, निदान दात साफ तरी करा, तरी नाही. मला माझ्या नोकरीची काळजी वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्याकडे बघून ती बोलायची लाज वाटायची. त्यांनीच एक दिवस सांगितलं की दवाखाना चालू राहील, तुम्हीही राहाल, पेशंट बघायला नवी डॉक्टर येतेय.

नवी डॉक्टर आली ती अमरावतीची निघाली. तरुण, चटपटीत, पुण्यातच शिकलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "ताई, किती पेशंट येऊन राहिले?" मी आत बघितलं. जुन्या डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी नुसतं पान उलटलं. वय झालं की माणूस मवाळ होतो ते असं.

नव्या डॉक्टरनं छताला स्क्रीन बसवला. खुर्चीत पडल्या पडल्या डोंगर, समुद्र, मासे दिसायचे. "मॅम, पेशंट रिलॅक्स होतो," ती सांगायची. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "मासे छान आहेत. त्यांचे दात दिसत नाहीत तेवढंच." पण विरोध केला नाही. रोज सकाळी यायच्या, बाहेरच्या बाकावर इतर लोकांबरोबर बसायच्या आणि ज्याला भीती वाटतेय त्याला नेमका ओळखून त्याच्या शेजारी सरकून कोडं घालायच्या. आता उत्तर द्यायला लोकांची तोंडं मोकळी होती, त्यामुळे बाहेर चांगलाच गलका व्हायचा. आतून नवी डॉक्टर हाक मारायची, प्लीज, थोडं हळू.

याच दिवसांत मला दिसायला लागलं की डॉक्टर एकाच बाजूनं चावतायत. चहाबरोबरचं बिस्कीट डाव्या गालात जायचं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. पुढे चहा निववून प्यायला लागल्या. मग एक दिवस गालावर हात ठेवून बाकावर बसलेल्या दिसल्या, अगदी पेशंटसारख्या. नव्या डॉक्टरनं बळेच आत नेऊन बघितलं. खालची डावीकडची मोठी दाढ, उभी तडकलेली. काढण्याशिवाय इलाज नव्हता. डॉक्टरांना ते कधीचं ठाऊक होतं.

तरी त्या टाळत राहिल्या. आज नको, उद्या बघू, सोमवार बरा नाही. हजारो दाढा काढलेली बाई. शेवटी मी म्हटलं, तुमचे पेशंट करतात तसं चाललंय तुमचं. त्यांनी गालावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते. आधीपासून वाटते."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांची एक दाढ काढली होती तेव्हा त्या इतक्या किंचाळल्या की रस्त्यावरची माणसं वर आली. आईला काही सुचेना, तेव्हा तिनं मांडीवर घेऊन विचारलं, पंधरा कसे येतात सांग बघू. तिला वाटलं, मुलगी रडायची थांबेल. "थांबले नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रडतच होते. पण सात आणि आठ सापडले."

दाढ काढायची सकाळ आली. डॉक्टर आपल्याच खुर्चीत आडव्या झाल्या. नव्या डॉक्टरनं मासे लावले. त्यांनी ते बंद करायला लावले आणि माझ्याकडे बघितलं. तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं, पण काय हवंय ते मला कळलं. मी कोडं तयारच ठेवलं होतं. खरं तर आदल्या रात्री भांडी घासताना सुचलं होतं, आणि ते बरोबर आहे ना म्हणून मी तीनदा पडताळून पाहिलं होतं.

दातांचे डॉक्टर एकेका बाजूच्या दातांना आकडे देतात, समोरून मागे, एकपासून आठपर्यंत. आमच्या डॉक्टरांची त्या बाजूची अक्कलदाढ, म्हणजे आठ, पूर्वीच गेलेली. राहिले एक ते सात. आज जाणार होता सहा. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "डॉक्टर, सहा गेला की उरतात एक, दोन, तीन, चार, पाच आणि सात. त्यांचे दोन गट करायचे. दोन्हींची बेरीज सारखी आली पाहिजे."

त्यांचे डोळे छताकडे गेले. नवी डॉक्टर फार हलक्या हाताची. तिनं सुई दिली, वाट बघितली, पक्कड घेतली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता. खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्यांचे हात थरथरत होते, भीतीनं किती आणि आजारानं किती कोण सांगणार. दाढ कडकन हलली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले होते. बोटं दाखवत होत्या. ती इतकी हलत होती की मला मोजताच येईनात. मग मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले, तेव्हा ती स्थिर झाली. सात होती. त्यांनी ती मिटली आणि मग चार उघडली. सात आणि चार अकरा. उरले एक, दोन, तीन आणि पाच, तेही अकरा. बरोबर होतं.

"उत्तर सांगायचं नसतं," मी म्हटलं. पण हात सोडले नाहीत.

नव्या डॉक्टरनं ट्रेमध्ये दाढ ठेवली आणि विचारलं, "मॅम, झालं. दुखलं का?" डॉक्टरांनी मान हलवून नाही म्हटलं आणि गालातल्या गालात हसल्या, जेवढं त्या बधिर गालानं जमलं तेवढं.

त्यानंतर बरेच दिवस त्या दवाखान्यात येत राहिल्या. मग जिना चढणं जड जाऊ लागलं आणि त्या सहकारनगरला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. बाकावरची त्यांची जागा आता कुणाचीही असते. नवी डॉक्टर कोडी घालत नाही, तिला ती जमतच नाहीत, तसं ती मोकळेपणानं सांगते. बाहेरच्या खोलीत मी घालते. लोणीचे आजोबा एकदा उसाची मोळी घेऊन आले आणि एकतीस दातांनीबी ऊस फुटतो म्हणून सांगून गेले. मी ते डॉक्टरांना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "तीसाला तीन उत्तरं आहेत म्हणावं. पण तिथवर जाऊ नका."

परवा हिवाळ्यातल्या एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. बहिणीनं मंडईतून मटार आणले होते, ढीगभर, आणि डॉक्टर गॅलरीत उन्हात बसून ते सोलत होत्या. शाल खांद्यावरून घसरली होती. हात आता चांगलाच हलतो. शेंग दाबली की ती फट्कन उघडायची आणि दाणे टपटप पातेल्यात पडायचे. म्हणाल्या, या कामाला हात हलला तर उलट बरंच. मीही समोर बसले आणि सोलायला लागले. ऊन सरकत सरकत त्यांच्या पायांवर आलं.

निघताना त्यांनी माझ्या डब्यात ओंजळी ओंजळीनं मटार भरले. काही खाली सांडले, ते मी वेचले आणि सवयीनं तळहातावर मोजायला लागले. डॉक्टरांनी ते बघितलं आणि डब्याचं झाकण माझ्या हातात दिलं.

"मोजत बसू नका," त्या म्हणाल्या. "घरी जा आणि भाजी करा."